एक ओढा, एक हंगाम : छोट्या डोंगरी ओढ्यावरच्या फ्लाय फिशिंगच्या नोंदी

मोठ्या नदीवर दोन हंगाम काढल्यावर मला वाटत होतं की फेक जमते आहे. या वर्षी ठरवलं, डोंगरातला एकच छोटा ओढा धरायचा, एप्रिलपासून जमेल त्या शनिवार-रविवारी तिथे जायचं आणि परतल्यावर त्याच रात्री वहीत लिहायचं. नदीवर शिकलेल्यातलं निम्मं ओढ्यावर चालत नाही, हे पहिल्या तासातच कळलं. असंच काही सुरू करणाऱ्यांसाठी नोंदी देते आहे. चुका, वाया गेलेला वेळ आणि हरवलेलं सामान, काही गाळलेलं नाही.

ओढ्याचा भाग साकवापासून धबधब्यापर्यंत, साधारण अडीच किलोमीटर. रुंदी कुठे दोन मीटर, कुठे चार. पाणी पायऱ्यापायऱ्यांनी उतरतं. आधी छोटा डोह, मग ज्यावरून पाणी खाली पडतं तो दगडांचा उंबरा, मग पुढचा डोह. दोन्ही काठांना दाट झाडी, वर फांद्यांचा मांडव. मासे ब्राउन ट्राउट, बहुतेक वीतभर लांब. परवाना काढला, हंगामाच्या तारखा तपासल्या. धरलेला प्रत्येक मासा सोडायचा, आणि गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करायचा, हे आधीच ठरलेलं. फ्लाय म्हणजे गळावर पीस, केस, दोरा बांधून केलेली नकली माशी. पुढे तिला नुसतं 'माशी' म्हणते.

शनिवार, 4 एप्रिल

सहा तास. मासे शून्य. माश्या गेल्या 11.

नदीवरचाच 9 फुटी, 5 नंबरी रॉड नेला होता. उभा केला की टोक फांद्यांत. मागे लाईन, म्हणजे जिच्या वजनाने माशी फेकली जाते ती जाड दोरी, न्यायला जागाच नाही. अकरातल्या सात माश्या मागच्या झाडांनी घेतल्या, दोन समोरच्या झुडपाने, दोन गाठ सुटून गेल्या. पहिल्या दोन तासांत पाण्यात माशी पडली असेल तर वीस वेळा. उरलेला वेळ गुंता सोडवण्यात.

काठावरून चालता येईना म्हणून पाण्यातून चालले. डोहाच्या खालच्या टोकाला बारीक खडीचा सपाट पट्टा असतो, पाणी जेमतेम घोट्याइतकं. पाय घसरत नाही. दिवसभर तिथूनच ये-जा केली.

अकरा वाजता पाण्याचं तापमान 6 अंश होतं. तरी मी दिवसभर तरंगती माशीच टाकत राहिले. एवढ्या थंड पाण्यात मासा तळाशी, संथ जागी पडून असतो. वर येण्याची ताकद खर्चत नाही. थर्मामीटर खिशात होता, आकडा वाचला, आणि त्यावरून काहीच ठरवलं नाही. मोजायचं तर त्याप्रमाणे वागायचं, एवढं तरी आज शिकले.

रविवार, 5 एप्रिल

तळाजवळून नेण्याची माशी बांधली, फेझंट टेल निम्फ. ही फ्रँक सॉयर यांची. ते इंग्लंडमधल्या एव्हन नदीचे राखणदार होते. बांधायला दोऱ्याऐवजी बारीक तांब्याची तार वापरली, त्यामुळे माशीला आपोआप वजन येतं. लहान डोहात ती पटकन बुडते आणि शिशाचे दाणे लावावे लागत नाहीत.

दुपारी एकदा लाईन थांबली, रॉड उचलला, मासा लागला आणि लगेच सुटला. माशी गेली. तुटलेलं टोक बघितलं तर डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं. हा पुरावा ओळखायला शिका. टोक वळलेलं असेल तर दोरा तुटलेला नसतो, गाठ घसरलेली असते. टोक सरळ आणि आधी खरखरीत असेल तर दगडावर घासून तुटलेला असतो. मी गाठ ओली न करता आवळत होते, थंडीत बोटं बधिर असल्यामुळे पुरती आवळतही नव्हते. आता प्रत्येक गाठ जिभेने ओली करून हळू आवळते, मग गळ पकडीत धरून दोरा एकदा जोरात ओढून बघते. सुटायची असेल तर हातात सुटू दे. आजच्या माश्या गेल्या 3.

18 एप्रिल

ओळखीतून 7 फुटी, 3 नंबरी रॉड आणला. झाडाखाली फिरवता येतो, हलका आहे. पण लाईन पुढे जाईना. रॉड वाकतच नव्हता. नुसती काठी हलवल्यासारखं. दुपारपर्यंत दोष माझ्या मनगटाचा समजत राहिले आणि हात दुखेपर्यंत फेकत बसले. चार तास त्यातच गेले, चार माश्याही.

कारण रात्री हिशेब मांडल्यावर सापडलं. लाईनचा नंबर तिच्या पहिल्या 30 फुटांच्या वजनावरून ठरतो. 3 नंबरी लाईन 30 फुटांत 100 ग्रेन, म्हणजे साडेसहा ग्रॅमच्या आसपास. रॉड तेवढ्या वजनाने वाकावा म्हणून केलेला असतो. इथे मी रॉडच्या टोकापुढे 4 मीटर काढत होते, आणि त्यातले पावणेतीन मीटर तर 9 फुटी लीडरच, म्हणजे लाईन आणि माशी यांच्या मधला बारीक दोरा, त्याला वजन नाही. खरी लाईन टोकाबाहेर सव्वा मीटर. रॉड वाकणार कशाने?

19 एप्रिल

दोन बदल. 3 नंबरी रॉडवर जास्त वजनाची, 4 नंबरी लाईन चढवली. लीडर साडेसात फुटी घेतला, जाड टोकाकडून 60 सेंटिमीटर कापला आणि बारीक टोकाला 45 सेंटिमीटर टिपेट, म्हणजे माशी बांधायचा सगळ्यात बारीक दोरा, जोडलं. सगळा मिळून 2.1 मीटर. पहिल्याच फेकीत फरक कळला. माशी लीडरच्या पुढे जाऊन पडली.

टिपेटच्या जाडीचा गोंधळ होणाऱ्यांसाठी: X च्या आधीचा आकडा 11 मधून वजा करा, येतात ते इंचाचे हजारांश. 5X म्हणजे 0.006 इंच, सुमारे 0.15 मिलिमीटर. माशीच्या गळाचा नंबर तीनने भागला की कोणता X चालेल त्याचा अंदाज येतो. 14 नंबरला 5X बरोबर बसतं. मी 6X आणलं होतं, ते फांद्यांत प्रत्येक वेळी तुटत होतं. 5X वर आल्यावर अडकलेली माशी बऱ्याचदा ओढून परत मिळते. आज फक्त एक गेली. मासा अजून नाही.

शनिवार, 2 मे

आजची नोंद माशांची नाही. ती आधी वाचा.

सकाळी नऊला ओढा ओलांडला, पाणी गुडघ्याच्या खाली, तळ स्वच्छ दिसत होता. पलीकडून वर चढत गेले. ऊन छान होतं. वर डोंगरावर बर्फ आहे हे डोळ्यांना दिसत होतं, पण डोक्यात शिरलं नाही. बर्फ दिवसभर उन्हात वितळतं आणि ते पाणी खालच्या ओढ्यात दुपारनंतर, संध्याकाळी पोचतं. पाच वाजता परत त्याच जागी आले तेव्हा पाणी गढूळ, मांडीच्या वर आणि दगड लोळवण्याइतकं जोरदार. एक पाय टाकून पाहिला, दुसरा उचलला असता तर गेले असते. मागे फिरले. पलीकडच्या काठाला वाट नाही. काट्याकुट्यातून, दोनदा वर चढून, साकवापर्यंत यायला तीन तास लागले. शेवटचा तास अंधारात. विजेरी गाडीत राहिली होती.

त्यानंतर केलेले बदल. ओलांडतानाच एका मोठ्या धोंड्यावर पाण्याची रेघ कुठे आहे ते बघून ठेवते. परतीची वाट साकवाच्या बाजूच्या काठानेच ठेवते. दुसऱ्या काठावर असले तर तासातासाने एखादी खूण तपासते, आणि पाणी चार बोटं वाढलं की मासा समोर उसळत असला तरी माघारी फिरते. हातात काठी, कमरेच्या पिशवीत विजेरी. बर्फ वितळण्याच्या दिवसांत मासेमारीही सकाळचीच बरी. तेव्हाच पाणी निवळ असतं.

शनिवार, 16 मे

हंगामातला सगळ्यात महत्त्वाचा दिवस, आणि आज एकही मासा लागला नाही.

पाच दिवस झाले, हातात शून्य. दादाला सोबत नेलं. त्याला मासेमारीतलं काही येत नाही, पण डोळे चांगले आहेत. त्याला चकाकी कापणारा चष्मा दिला आणि म्हटलं, "दादा, तू वरच्या कड्यावरून पुढे पुढे चालत राहा. डोहातला मासा पळाला की शीळ घाल."

पहिल्या डोहापाशी मी अजून लाईन सोडवत होते, तोच शीळ. मला वाटलं चेष्टा करतोय. वर बघितलं तर तो हात हलवत होता. "तू अजून पोचलीही नव्हतीस गं. एक खालच्या उथळ पाण्यात होता, तो वर पळाला आणि त्याच्यामागे बाकीचे दोन."

चौदा डोह केले. अकरा ठिकाणी माशी पाण्याला लागण्याआधीच शीळ झाली. कारणं दादाने वरून जशी सांगितली तशी लिहिली: सहा वेळा खालच्या टोकाला बसलेला मासा माझ्या पायांनी उठला. तीन वेळा रॉडची किंवा माझी सावली. दोन वेळा माझ्या पायाखालचा दगड हलला. म्हणजे एप्रिलपासून मी रिकाम्या डोहांत माश्या टाकत होते. रॉड बदलला, लाईन बदलली, गाठी सुधारल्या, आणि ज्यांच्यासाठी हे सगळं केलं ते मासे मी डोहाशी पोचायच्या आधीच कपारीत जाऊन बसलेले.

दुपारी नुसते प्रयोग केले. दादा वर, मी खाली, माशी बांधलीच नाही. उभी राहून जवळ गेले, वाकून गेले, गुडघ्यांवर गेले. उभी असताना आठ-नऊ मीटरांवरून मासे पळत होते. गुडघ्यांवर असताना पाच मीटरपर्यंत जाता आलं. याचं कारण पाण्यातून बाहेर दिसण्याच्या पद्धतीत आहे. माशाला बाहेरचं सगळं डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसतं. 30 सेंटिमीटर खोल असलेल्या माशाला ती खिडकी सुमारे 68 सेंटिमीटर रुंद. खिडकीच्या अगदी कडेला, म्हणजे क्षितिजापासून दहा अंशांच्या आत जे असतं ते चेपलेलं आणि अंधुक दिसतं. सहा मीटरांवर दहा अंश म्हणजे जेमतेम एक मीटर उंची. गुडघ्यांवर बसले की मी त्या उंचीच्या आसपास येते, उभी राहिले की नाही.

आणखी एक तपासलं. दादाशी मोठ्याने बोलले, मासे जागचे हलले नाहीत. बुटाने एक धोंडा दुसऱ्यावर सरकवला, तिन्ही मासे गायब. हवेतला आवाज पाण्यात फारसा उतरत नाही, दगडाचा धक्का थेट जातो.

17 मे

गुडघ्यांना जाड कापडाचे पट्टे बांधले. प्रत्येक डोहाखाली थांबून आधी दोन मिनिटं फक्त बघायचं. खालून वर जायचं, कारण मासा प्रवाहाकडे तोंड करून असतो, पाठ आपल्याकडे. पहिली माशी नेहमी डोहाच्या खालच्या टोकाला, तिथला मासा हा बाकीच्यांचा पहारेकरी.

चौथ्या डोहात, पाण्यात अर्ध्या बुडालेल्या धोंड्याच्या बाजूला 14 नंबरची अॅडम्स, म्हणजे एक तरंगती माशी, पडली. दोन हात वाहिली असेल. पाणी नुसतं फुगलं, माशी नाहीशी झाली. रॉड उचलला आणि तो जिवंत जोर हातात आला.

अठरा सेंटिमीटर. बाजूला लाल ठिपके, भोवती फिकट कडी, पोट लोण्यासारखं पिवळं. हात ओले करून, पाण्यातच ठेवून चिमट्याने गळ काढला. बिनकाट्याचा गळ नुसता उलटा फिरवला की निघतो. तो माझ्या तळव्यावर क्षणभर थांबला आणि मग गेला. दादा वर उभा राहून ओरडत होता, मी खाली गुडघाभर पाण्यात रडत होते. सातव्या दिवशीचा हा पहिला मासा. दुपारी आणखी एक.

30 मे

तीन मासे. निदान दहा वेळा मासा वर आला, बघितलं आणि परत खाली गेला. कारण ओढ. लाईन उंबऱ्यावरच्या वेगवान पाण्यावर पडत होती, माशी वरच्या संथ डोहात. लाईन खाली खेचली गेली की माशी पाण्यावर रेघ ओढत सरकायची. खरा किडा असा कधी सरकत नाही.

नदीवरची सवय अशी की लांबून फेकायचं आणि मग लाईन वर उलटवून वेळ मिळवायचा. इथे तेवढी जागा नाही. तोडगा उलटा निघाला: आणखी जवळ जायचं. उंबऱ्याच्या दगडामागे गुडघ्यांवर बसायचं, रॉड पुढे करून उंच धरायचा, म्हणजे पाण्यावर फक्त लीडरचं टोक आणि माशी. दोन-तीन सेकंद माशी मोकळी वाहिली तरी पुरे. डोहच तेवढे आहेत.

13-14 जून

दोन दिवसांत दहा मासे. आता खोक्यातल्या माश्यांबद्दल.

एप्रिलमध्ये माझ्याकडे बत्तीस प्रकार होते. सध्या चार वापरते. अॅडम्स, जी लेन हॅलडे यांनी 1922 मध्ये मिशिगनमध्ये पहिल्यांदा बांधली. ती कुठल्याच एका किड्याची नक्कल नाही आणि म्हणून बऱ्याच किड्यांसारखी दिसते. एल्क हेअर कॅडिस, अल ट्रॉथ यांची 1957 ची. एल्क या मोठ्या हरणाचे केस पोकळ असतात म्हणून खळखळत्या पाण्यातही तरंगते. सॉयर यांची निम्फ. आणि बदकाच्या शेपटीजवळच्या मऊ पिसांची, सीडीसी म्हणतात ती. वीतभर माशाला डोंगरी ओढ्यात अन्न मोजकं मिळतं, तो निवड करत बसत नाही. माशी नीट वाहते की नाही, एवढंच तो बघतो.

सीडीसीवर मी तरंगण्यासाठीचं जेल चोळलं. चूक. पिसं चिकटून गोळा झाला, माशी दगडासारखी बुडाली. त्या पिसांना स्वतःचंच तेल असतं. त्यांना फक्त कोरडी पावडर चालते. तीन चांगल्या माश्या अशा घालवल्या. जेल केसांच्या माश्यांना, तेही कोरड्या असताना आणि अगदी थेंबभर.

27 जून

मोठ्या धोंड्याखालच्या डोहात एक चांगला मासा नेमाने वर येत होता. ठरल्याप्रमाणे खालून, गुडघ्यांवर सरकत गेले. चार मीटरांवर असताना तो सरळ माझ्याकडे बघून पळाला.

तिथे भोवरा आहे. धोंड्यावर आपटलेलं पाणी काठाने उलटं फिरतं, त्यामुळे त्या कोपऱ्यात प्रवाह वरच्या दिशेने वाहतो. मासा प्रवाहाकडे तोंड करतो, म्हणजे तो खाली, माझ्याकडे तोंड करून बसला होता. आता आधी फेसाचे बुडबुडे कुठे वाहतात ते बघते, मग माशाचं तोंड कुठे आहे ते ठरवते, मग बाजू निवडते. हा मासा दुसऱ्या दिवशी वरच्या बाजूने धरला. 24 सेंटिमीटर.

11 जुलै

चार मासे, मग ढग गडगडले. रॉड ग्रॅफाइटचा असतो आणि ग्रॅफाइटमधून वीज वाहते. तो हातात धरून पाण्यात उभं राहणं म्हणजे आमंत्रण. रॉड खाली ठेवला, ओढ्यापासून आणि उंच एकट्या झाडांपासून लांब, सखल जागी बसले. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबले. तोवर ओढा चहाच्या रंगाचा झाला होता. घरी.

25-26 जुलै

शनिवारी दहाला पोचले, एक वाजता पाणी 20 अंश. एकही फेक न करता परतले. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. झुंजून दमलेला मासा पोहत गेलेला दिसला तरी नंतर मरू शकतो. 20 ला थांबायचं हा माझा नियम आहे, आणि तो मोडायचा नाही. तिथे पोचायला घालवलेला वेळ हे कारण होऊ शकत नाही.

रविवारी पहाटे पाचला पाण्यावर, 14 अंश. पाच मासे, नऊला बंद. मोजमाप सावलीतल्या वाहत्या पाण्यात करा. उन्हातल्या उथळ पाण्यात आकडा चुकतो.

22-23 ऑगस्ट

पाणी अगदी कमी, काचेसारखं. शनिवारी अॅडम्सला तीनच मासे. रविवारी काठाच्या गवतात बसून बघत राहिले. पाण्यात पडत होत्या त्या मुंग्या आणि छोटे भुंगेरे. फोमचा काळा भुंगेरा बांधला आणि तो हळू न टाकता मुद्दाम टपकन पाडला. आवाजाने मासा वळून येतो. नऊ मासे. इतके दिवस मी माशी हळुवार पडावी म्हणून जिवाचं रान करत होते!

बुटांबद्दल. माझ्या जुन्या बुटांना फेल्टचे, म्हणजे दाबून केलेल्या जाड कापडाचे तळ होते. शेवाळावर ते उत्तम धरतात, पण दिवसेंदिवस ओले राहतात आणि एका पाण्यातले सूक्ष्म जीव दुसऱ्या पाण्यात नेतात. याच कारणाने न्यूझीलंडने 2008 मध्ये फेल्टचे तळ बंद केले. मीही नदीवरून आणलेले बूट एप्रिलमध्ये न सुकवता इथे घातले होते. ते करायला नको होतं. आता रबरी तळ, दर फेरीनंतर घासून धुणं आणि पूर्ण सुकवणं. रबर शेवाळावर जास्त घसरतं, दोनदा पडले, त्यामुळे चाल आपोआप हळू झाली.

5-6 सप्टेंबर

फांद्यांच्या बोगद्याखालचा एक डोह हंगामभर सोडून देत होते. तिथे धनुष्यबाणाची फेक लागते: माशी चिमटीत धरून मागे ओढायची, रॉड धनुष्यासारखा वाकतो, आणि सोडायची. माशी गळाच्या वळणाला मागून धरा, टोक बोटांपासून लांब ठेवून. मी पहिल्यांदा पुढून धरली आणि गळ थेट अंगठ्यात. काटा दाबलेला होता म्हणून लगेच निघाला.

पाचव्या प्रयत्नात माशी बोगद्यात शिरली आणि जो मासा वर आला तो या ओढ्यात असेल असं मला वाटलं नव्हतं. हातभर नसेल, पण दीड वीत नक्की. तो एकदा मुळांकडे वळला आणि लीडर मध्येच तुटला. तुटलं तिथे एक साधी गाठ पडलेली होती, फेकताना आपोआप पडते तशी. अशा गाठीने दोऱ्याची ताकद फार घटते. सकाळी ती मला दिसली होती. "राहू दे, नंतर बदलू" म्हणून पुढे गेले होते. बदलायला तीन मिनिटं लागली असती. त्या माशाच्या तोंडात माझी माशी राहिली याचं जास्त वाईट वाटतं. गळ बिनकाट्याचा होता, निघून गेला असेल अशी आशा आहे.

26 सप्टेंबर

हंगामाचा शेवटचा दिवस. सहा मासे. हिशेब: 20 दिवस, 104 तास, 44 माश्या हरवल्या, त्यातल्या 19 एकट्या एप्रिलमध्ये. मासे एप्रिल 0, मे 5, जून 17, जुलै 9, ऑगस्ट 12, सप्टेंबर 15. एकूण 58. पहिल्या पाच दिवसांचे जवळपास तीस तास डोह रिकामे करण्यात गेले. कोणाचा वेळ वाचवायचा असेल तर एवढंच करा: पहिल्या दिवशी रॉड घरी ठेवा, कोणाला तरी कड्यावर बसवा आणि शिळा मोजा.

शनिवार, 10 ऑक्टोबर

हंगाम बंद. रॉड न नेता दादाबरोबर गेले, फांद्यांत अडकलेला दोरा काढायला. पक्षी त्यात अडकतात. नऊ माश्या आणि मूठभर दोरा मिळाला.

साकवापासून तिसऱ्या डोहाशी दादा थांबला. "इथे कोणी खडी धुतली का गं?" खालच्या टोकाच्या उथळ पट्ट्यात परातीएवढा एक फिकट, स्वच्छ डाग होता, आजूबाजूची खडी शेवाळाने काळपट. ते ट्राउटचं घरटं. मादी आडवी होऊन शेपटीने खडी उडवते, खळग्यात अंडी घालते, आणि थोडी वर सरकून पुन्हा उडवते, म्हणजे आधीची अंडी झाकली जातात. आम्ही काठावर पोटावर पडून बघत राहिलो. ती आली. आडवी झाली, दोन-तीनदा अंग थरथरवलं, खडीचा धुरळा खाली वाहिला.

मग माझ्या लक्षात आलं ती कुठली जागा आहे. अंडी हिवाळाभर खडीत असतात. पिलं फुटल्यावरही पोटाला बलकाची पिशवी घेऊन कित्येक आठवडे दगडांमध्येच राहतात. इतक्या थंड पाण्यात वसंतापर्यंत. 4 एप्रिलला, पाणी 6 अंश असताना, मी दिवसभर याच पट्ट्यांवरून चालले होते. पाय घसरत नाही म्हणून. वहीत तसं लिहिलंसुद्धा आहे. ती ओळ आज परत वाचली.

साकवापासून धबधब्यापर्यंत पुन्हा सगळा ओढा काठाने चालून, फिकट डाग दिसले तिथे नकाशावर फुल्या मारल्या. तेरा झाल्या. प्रत्येक फुलीच्या वर किंवा खाली उघड्या कातळावरून ओलांडायची जागा शोधली. अकरा ठिकाणी सापडली. उरलेल्या दोन डोहांना काठाने वळसा घालायला लागेल, झाडीतून, प्रत्येकी वीस मिनिटं धरून. पुढच्या वर्षीच्या वहीच्या पहिल्या पानावर नकाशा चिकटवला आहे.